रात्रपाळीची नवी रेकॉर्ड

नारायणदादाने जर्मनीहून पाठवलेली रेकॉर्ड आषाढाच्या तोंडाला आमच्या हातात पडली. त्याच्या कारखान्यातला कुणी पुण्याचा माणूस सुट्टीवर आला होता. त्याने ती एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिली नि ड्रायव्हरने सांगली स्टँडवर आमच्या ह्यांच्या हातात. एवढा प्रवास करूनही तिला कुठे चरा गेला नव्हता. पाकिटावर बर्फाचं रान, आणि त्या रानात लांबवर पेटलेला एकच दिवा. माणूस कुठेच नाही.

वाजवणारे दोघंच. त्यांच्या जर्मन नावाचा अर्थ दादाने कळवला होता, रात्रपाळी. दोघं गात नाहीत, पेटी नाही, तबला नाही. विजेची यंत्रं पुढ्यात मांडतात नि बटणं फिरवून त्यांतून आवाज काढतात. त्यांची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा मी पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला होते. आई म्हणायची, अशा दिवसांत हे भुताटकीचं ऐकू नये. मी ऐकायचेच. रेकॉर्ड प्लेअर टेबलावर, आणि टेबलाच्या कडेला पोट टेकवून मी उभी. पाखरं पाण्यावरून उडत जावीत तसे आवाज होते त्यात. पोटातलं बाळ ढुशी द्यायचं. मला वाटायचं, ऐकतंय.

"नवी कशी वाटली ते सविस्तर कळव," दादाने लिहिलं होतं. "इथं विचारावं असं आपलं कुणी नाही. आणि तुझा कान चांगला."

लहानपणी आम्ही दोघं माहुलीच्या रस्त्यावरच्या तारेच्या खांबाला कान लावून उभे राहायचो. आत काहीतरी सतत घोंघावत असायचं. दादा म्हणायचा, वाई बोलतेय. मी म्हणायचे, नाही, मुंबई. तेव्हापासून आमचं दोघांचं ऐकणं एकमेकांना सांगितल्याशिवाय पुरं व्हायचं नाही. नंतर मी गाणं शिकले, तो यंत्रं शिकला, तरी ते तसंच राहिलं.

आमच्या ह्यांचा, गंगाधररावांचा, लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. गणपती पेठेत खाली दुकान, वर आम्ही. वरची जमीन लाकडी फळ्यांची. कुणी जिना चढलं तरी पायाला कळतं. आषाढात लग्नं नसतात आणि गणपती अजून लांब, त्यामुळे सगळे कर्णे, अँप्लिफायर, लाकडी बॉक्स वरच्या खोलीत येऊन पडतात आणि आम्हाला वावरायला वाट तेवढी उरते. त्यातला सगळ्यात मोठा बॉक्स ह्यांनी स्वतः बनवलेला. रेकॉर्ड आली त्या दुपारी त्यांनी तो भिंतीला टेकवून फळ्यांवर ठेवला, तारा जोडल्या आणि सुई टेकवली.

आधी बराच वेळ काहीच नाही. मग खोल कुठेतरी एक ठोका. थांबून दुसरा. धुक्यात कुणी लांबवर लाकूड फोडतंय, कुऱ्हाड दिसत नाही, माणूस दिसत नाही, तसं. त्या ठोक्यांवर हळूहळू एक सूर चढला, तंबोऱ्यासारखा. पण तंबोऱ्याला माणसाची बोटं असतात. कधी बोट दमतं, कधी जोरात पडतं. हा सूर दमत नव्हता. मी सवयीने सम शोधत बसले. इथं येईल, तिथं येईल. सम आलीच नाही. येणारही नव्हती. त्या दोघांना कुठे पोचायचंच नव्हतं.

क्षमा, माझी नणंद, कॉलेजातून आली ती जिन्यातच थांबली.

"वहिनी, तुमच्या भावाने गाणी पाठवलीत की पिठाची गिरणी?"

"गिरनी न्हवं," हरणाबाई म्हणाल्या. त्या बाळाला न्हाऊ घालायला येतात, आणि एकदा आल्या की दुपारच्या चहाशिवाय जात नाहीत. "गुऱ्हाळाचं इंजान हाय ह्ये. आमच्याकडं थंडीत असंच वाजतंय. लांबनं ऐकलं की लय झोप येतीया."

"तुम्हाला कशानं येत नाही झोप?"

"व्हय की. तुमच्यावानी आमी पुस्तक उघडून झोपत न्हाई, येवढंच."

"गप बसा गं दोघी," हे म्हणाले. "खालचा सूर बघा. आपल्या कर्ण्यातनं हे यायचंच नाही. कर्णा नुसता वरचं वरचं बोंबलतो."

कृष्णा त्या वेळी हरणाबाईंच्या पायाशी बसून लाकडी पळी चावत होती. दहा महिन्यांची. माझ्या माहेरावरून वाहणारं पाणीच पुढे सासरी येतं, म्हणून नाव कृष्णा. बारसं साताऱ्यालाच झालं. आत्या म्हणून क्षमाने पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे जमलेल्या बायकांनी क्षमाच्या पाठीत असे काही धपाटे घातले की दुसऱ्या दिवशी तिला अंबाडा घालताना हात वर नेता येईना.

तर ते नाव घेऊन मी हाका मारायचे आणि कृष्णा वळायची नाही.

समोर गेलं की हसायची. दिवा लावला की बघायची. रडायची कमी, झोपायची गाढ. पेठेतून बँड गेला तरी कूस बदलायची नाही. सगळे म्हणायचे, गुणी पोर. मलाच त्या गुणाची भीती वाटायची. एकदा मी ते बोलून दाखवलं, तर हरणाबाईंनी पितळी थाळी आणली, कृष्णाच्या पाठीमागे फळ्यांवर पालथी घातली आणि तिच्यावर उलथनं हाणलं. कृष्णा दचकून मागे वळली.

"झालं समाधान?" हरणाबाई म्हणाल्या. "पोर ऐकतीया. तुमीच वैनी, उगं जिवाला लावून घेताय. आवं, मोठ्या मानसाला बी सारखी हाक मारली तर ते वळत न्हाई."

मला समाधान झालं नाही. ह्यांच्या मागे लागून लागून मी मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरवून घेतला होता. हे "बरं, जाऊ" म्हणाले होते, पण तोंड दुसरीकडे करून. आवाज हीच ज्याची रोजीरोटी, त्याच्यापुढे हा विषय काढताना माझीच जीभ अडखळायची.

ती रेकॉर्ड मी रोज दुपारी लावू लागले. कृष्णा झोपलेली, क्षमा कॉलेजात, भांडी घासून झालेली; एवढाच वेळ माझा. पहिल्या बाजूचा दुसरा तुकडा मला सगळ्यांत आवडायचा, आवडायचा म्हणजे मन जड व्हायचं त्याने. तिथं ठोके जवळ येतात. अंधाऱ्या कारखान्यातून कुणी जड पावलांनी चालत येतंय, येतंय, आणि दारापर्यंत येऊन दार न उघडता परत जातंय. पहिल्या रेकॉर्डमधली पाखरं ह्या वेळी कुठेच नव्हती. वाजवणाऱ्या दोघांचं काय बिनसलं होतं कुणास ठाऊक. वर्षात घरात काही झालं असेल. यंत्रातूनही माणसाचं दुःख येतं हे मला ठाऊक नव्हतं. दादाला हे कळवायला हवं, असं मनात ठेवून दिलं.

अशाच एका दुपारी कृष्णा लवकर उठली. मी तिला खाली सोडलं. ती रांगत निघाली, आणि तो दुसरा तुकडा लागला. पहिला जड ठोका पडला तशी ती थांबली. दोन्ही तळवे फळ्यांवर सपाट. मान वर. ठोका पडला की डोळे मोठे व्हायचे, थांबला की ती वाट बघायची. मग ती हसली. माझ्याकडे बघून नाही. त्या बॉक्सकडे बघून.

मी पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. तिने तळहाताने फळीवर थाप मारली, ठोक्याला उत्तर दिल्यासारखी.

मी जिन्यातूनच ह्यांना हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते तसंच सोडून हे वर आले. तिघं आम्ही जमिनीवर बसलो आणि तो तुकडा ऐकला. ह्यांच्या चेहऱ्यावरून महिन्याभराचं ओझं उतरलेलं मी बघितलं.

"माझी पोरगी," हे म्हणाले. "बेस ओळखते. आता मिरजेला कशाला जायचंय?"

संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर क्षमा म्हणाली, "आपण इतके दिवस भजनं लावत होतो. हिला पिठाची गिरणी पाहिजे होती."

मिरजेचा दिवस आला नि गेला. मीही आठवण केली नाही. ते दिवस मला आठवतात ते त्या ठोक्यांसकट. डाळ शिजताना, लंगोट वाळत घालताना माझ्या डोक्यात तेच चालायचं, आणि तेवढ्यापुरती ती रेकॉर्ड मला उदास वाटायची बंद झाली होती.

दुसऱ्या बाजूकडे मी तोवर फारसं लक्ष दिलं नव्हतं. त्या बाजूला शेवटी एक लांबलचक तुकडा आहे. त्यातून खालचे सूर एकेक करून निघून जातात, घरातली माणसं उठून जावीत तसे. शेवटी उरते एक बारीक शीळ. माहुलीच्या खांबातली वाटावी अशी, पण धार लावलेली. वाढत वाढत ती इतकी टोचते की एका सुट्टीच्या दिवशी ती बाजू लावली तेव्हा क्षमाने कानांवर हात ठेवले.

"वहिनी, बंद करा. दात आंबले माझे."

मी उठले, आणि उठता उठता कृष्णाकडे बघितलं. ती बॉक्सच्या अगदी पुढ्यात बसली होती. पळी फळीवर घासत होती. तिच्या चेहऱ्यावर ऐकल्याची खूणही नव्हती.

मी रेकॉर्ड बंद केली नाही. उलटी केली. पहिल्या बाजूचा दुसरा तुकडा लावला. ठोका पडला, कृष्णाचे तळवे फळ्यांवर गेले, मान वर झाली. मी तिला उचलून कडेवर घेतलं. ठोके तसेच पडत होते. ती माझ्या कानातल्या कुडीशी खेळायला लागली. खाली ठेवलं, डोळे मोठे. पुन्हा उचललं, कुडी. मग मी गादीवरची वाकळ ओढली, चार घड्या केल्या, बॉक्सच्या पुढ्यात अंथरली आणि तिला त्यावर बसवलं.

जड पावलं दारापर्यंत आली नि परत गेली. कृष्णाने जांभई दिली.

"काय करताय वहिनी?" क्षमाने विचारलं. मग तीही बघत राहिली. थोड्या वेळाने तीच उठून गेली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची ती पितळी थाळी घेऊन आली. ह्या वेळी फळ्यांवर नाही, हातात उंच धरून तिने कृष्णाच्या डोक्यामागे वाजवली. वाजवतच राहिली. खाली पेठेतलं कुत्रं भुंकलं.

थाळी मांडीवर घेऊन क्षमा भिंतीला टेकली. "माझ्या दादाला मी सांगू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको, मीच सांगते.

सांगितलं तेव्हा ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाकळीवर बसून मलासुद्धा झोप येईल."

"अहो, तुम्ही एकदा बघा तरी."

"बघायचंय काय त्यात? आवाज कमी होता. घरात लावतो तेवढा आवाज तो काय आवाज आहे का?"

मग त्यांनी कर्णे काढले. वरच्या खोलीत होते तेवढे सगळे. एक खिडकीत बांधला, बाकीचे खोलीभर उभे केले. दोन्ही अँप्लिफायर जोडले. मी कृष्णाला घेऊन वाकळीवर बसले, मांडीवर तिला धरून. ह्यांनी मला विचारलं, "ती शीळ कुठली?" मी बाजू सांगितली.

त्या दुपारचा विषय पेठेत अजून निघतो. शीळ निघाली नि खिडकीच्या काचा झिणझिणायला लागल्या. माझ्या दातांत, डोक्यात, डोळ्यांच्या मागे ती शिरली. क्षमा बाहेर जिन्यात पळाली. समोरच्या भांड्यांच्या दुकानातले तात्याबा रस्त्यावर येऊन उभे राहिले. शीळ थांबली तेव्हा त्यांचा आवाज आला.

"गंगाधरपंत, आषाढात कुणाचं लगीन काढलंय?"

हे खिडकीत गेले. हसूनच म्हणाले, "टेस्टिंग चाललंय, तात्याबा."

"मग चालू द्या. पर सनई आना की वो. ह्ये रेडं कापल्यावानी काय?"

हे वळले. कृष्णा माझ्या मंगळसूत्रातला एक मणी तोंडात धरून चोखत होती. ह्यांनी माइक उचलला. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात उचलतात तसाच. बोटाने टिचकी मारली, फुंकर घातली.

"हॅलो. हॅलो."

मग गळा साफ केला आणि म्हणाले, "कृष्णा."

सगळ्या पेठेला ऐकू गेलं. पलीकडच्या गल्लीतून त्याचा प्रतिध्वनी परत आला.

"कृष्णा. इकडं बघ. बाबा बोलतोय. कृष्णा."

तिने मणी तोंडातून काढला, मण्याकडे बघितलं नि पुन्हा तोंडात घातला.

ह्यांनी माइक खाली ठेवला. अँप्लिफायरची बटणं एकेक करून बंद केली, कार्यक्रम संपल्यावर करतात तशी, नीट क्रमाने. तारा गुंडाळल्या. शेवटची तार हातात घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"मिरजेला कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

मिरजेचे डॉक्टर शांत माणूस. बराच वेळ तपासून त्यांनी विचारलं, दिवस राहिल्यावर ताप, अंगावर पुरळ, असं काही आलं होतं का? आलं होतं. लगेच गेलंही होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. जन्मापासूनच ऐकू येत नसावं, म्हणाले. मोठी झाली की शाळा असतात, ओठांवरून शिकवतात. फळ्यांवरून जे कळतं ते ऐकणं नव्हे, हेही त्यांनी समजावून सांगितलं, जणू आम्ही ते घरी शिकून आलो नव्हतो. येताना बसमध्ये हे खिडकीतून उसाचं रान बघत होते. कृष्णा त्यांच्या खांद्यावर. बस खड्ड्यात आदळली की ती हसत होती.

हरणाबाईंना कळलं तेव्हा त्या थाळीला हात लावीनात. "मीच येडी," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवशी कृष्णाला पुष्कळ वेळ न्हाऊ घालत बसल्या. दुपारचा चहा घेतला नाही.

त्यानंतर रेकॉर्ड बरेच दिवस पाकिटात राहिली. पाकिटावरचा तो बर्फातला दिवा येता-जाता दिसायचा. दादाचं स्मरणपत्र आलं, कशी वाटली कळवलं नाहीस. आणि एका दुपारी क्षमानेच सुई टेकवली. पहिली बाजू. कृष्णाला फळ्यांवर सोडलं आणि स्वतः तिच्याजवळ पालथी पडली, गाल फळीला लावून.

"कळतं हो," ती म्हणाली. "गालाला गुदगुल्या होतात."

मी शेजारी बसले. ठोका पडला, कृष्णाचे तळवे टेकले. मग क्षमा फळीकडे बघतच म्हणाली,

"वहिनी, म्हणजे बारशाला मी कानात सांगितलं ते गेलंच नाही."

"नाही."

"केवढे धपाटे खाल्ले मी त्या नावासाठी. तुमच्या त्या साताऱ्याच्या मावशीचा हात म्हणजे हात आहे का लाटणं?"

मी हसले. तीही हसली आणि नाक पुसलं. मग कोपरावर उठली, कृष्णाला जवळ ओढलं, तिचं झबलं वर केलं आणि गळ्याखाली, छातीच्या हाडावर ओठ टेकवून म्हणाली, "कुर्र्र्र."

कृष्णा दचकली. आत्याकडे बघितलं. दोन दात दाखवून खळखळून हसली आणि तिचे केस दोन्ही मुठींत धरून तिला पुन्हा छातीशी ओढलं. पुन्हा कुर्र. पुन्हा हसू. मग क्षमा वर सरकली, आणि रीत आहे तशी, कानाशी, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला कळू नये अशा आवाजात तिने नाव सांगितलं.

कृष्णा थांबली. क्षमाचे केस मुठीत धरून, मान किंचित वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कुर्र अजून का येत नाही, म्हणून.

मी क्षमाच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात नाही. ती उठली नाही. कपाळ फळीला टेकवून तशीच पडून राहिली, आणि माझा हात तिच्या पाठीवरच राहिला. बाजू संपली होती. सुई शेवटच्या रेघेत खट्, खट् करत फिरत होती. कृष्णाचे तळवे फळ्यांवर होते, पण ते तिथवर पोचत नव्हतं. ते आम्हा दोघींनाच ऐकू येत होतं, आणि उठून बंद करायला कुणीच गेलं नाही.